मामाकडच्या सुटीतले पत्ते : अवघड वीस बेरजांची नोंद

४ मे

या सुटीत बेरजेच्या सरावासाठी पत्ते वापरून पाहायचे, असे मार्चमध्येच ठरवले होते. कुडाळच्या घरी परवा भाचा आला. तो जूनमध्ये तिसरीत जाईल. शेजारची मुलगी दुसरीत जाईल आणि तीही दुपारी आमच्या पडवीत येऊन बसते. दोघांना बेरीज समजते, पण आठ आणि पाच किती असे विचारले की भाच्याचा हात चटईखाली जातो आणि बोटे हलू लागतात. बोटांवर मोजण्यात गैर काहीच नाही. मात्र हातच्याच्या बेरजांत प्रत्येक घराला बोटे मोजावी लागली तर सारे लक्ष मोजण्यात जाते आणि हातचा मिळवायचा राहून जातो, हे मी त्याच्या मोठ्या बहिणीच्या वहीत पानोपानी पाहिले आहे.

कॅट हातात घेण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडला. १ ते ९ मधील दोन अंकांच्या बेरजा, ८+५ आणि ५+८ एकच मानल्यास, ४५ होतात. त्यांपैकी २५ बेरजा दहापर्यंतच राहतात आणि २० दहाच्या पुढे जातात. मुले अडखळतात ती याच विसांत. त्यांची वाटणीही सुरेख आहे : नऊच्या ८, त्या सोडून आठच्या ६, मग सातच्या ४ आणि सहाच्या २. शिकवायचे ते एवढेच आहे हे दिसल्यावर मला मोठाच धीर आला. त्याच दिवशी मुलांना या वीस बेरजा एकेक करून सावकाश विचारल्या. भाच्याने बोटांशिवाय सात सांगितल्या, मुलीने चार.

११ मे

पहिला आठवडा भिकार-सावकाराला दिला. दश्शी आणि चित्रांची पाने बाजूला काढली, एक्का ते नव्वी अशी ३६ पाने पिसून वाटली आणि एकाऐवजी दोन-दोन पाने उलटायचा नियम केला. ज्याची बेरीज मोठी, त्याने चारही पाने उचलायची. (शून्याची सवय करून द्यायची असेल तर जोकर शून्य धरता येतो. आम्हांला त्याची गरज भासली नाही.) मुलांना खेळ आवडला, परंतु बारकाईने पाहिल्यावर त्यात दोन उणिवा आढळल्या.

पहिली अशी की, समोर नव्वी-अठ्ठी आणि दुर्री-तिर्री पडल्यावर कोण जिंकले हे बेरीज न करताच दिसते, त्यामुळे मुले पाने उचलून मोकळी होत. म्हणून बेरीज मोठ्याने सांगितल्याखेरीज पानांना हात लावायचा नाही, असे ठरले. दुसरा उपाय गंजिफांवरून, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या धर्तीच्या पत्त्यांवरून, सुचला. सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर गंजिफा रंगवतात, तिथे मुलांना घेऊन गेलो होतो. दशावतारी गंजिफांच्या १२० पानांत दहा रंग असतात. त्यांतील निम्म्या रंगांत अंकांच्या पानांमध्ये दश्शी वरचढ असते, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का दश्शीवर चढतो. तोच धागा घेऊन आम्ही असा नियम केला की उतारीचे पहिले पान लाल असेल तर लहान बेरजेने डाव जिंकायचा. आता जवळजवळच्या बेरजा आल्या की मुलांना थांबून विचार करावाच लागतो.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे आपल्यापैकी अनेकांचे लक्ष जात नाही, असे मला वाटते. ३६ पानांतून दोन पाने ६३० प्रकारे निघू शकतात आणि त्यांपैकी फक्त २८० प्रकारांत बेरीज दहाच्या पुढे जाते. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा मूल त्याला आधीच येणाऱ्या बेरजा करत बसते. सात आणि आठ ही जोडी तर ६३० मध्ये केवळ १६ प्रकारे येते, सरासरीने ३९ बेरजांतून एकदा. आणि एका वाटपात पाने संपेपर्यंत बेरजा होतात अठराच. दुपारभर खेळूनही जी बेरीज जेमतेम एक-दोनदा समोर येते, ती पाठ व्हावी कशी?

तेव्हा एक्का, दुर्री आणि तिर्रीही बाजूला ठेवल्या. चौकी ते नव्वीच्या २४ पानांतून २७६ जोड्या निघतात आणि त्यांपैकी २३२ दहाच्या पुढे जातात, म्हणजे शंभरातील सुमारे ८४. सात-आठची गाठही आता सरासरीने १७ बेरजांत एकदा पडते. विसांपैकी तीन बेरजा, म्हणजे ९+२, ९+३ आणि ८+३, या कॅटात येत नाहीत, पण त्या मुलांना तुलनेने सोप्या जातात. कोणाला एकच बदल करून पाहायचा असेल तर त्यांनी हा करावा, असे मी आग्रहाने सुचवतो.

१८ मे

या आठवड्यात दहाच्या जोड्यांकडे वळलो, कारण दहा पक्के झाल्याशिवाय दहाच्या पुढचा रस्ता सापडत नाही. त्यासाठी गुलाम चोर हा खेळ जणू बेतूनच केलेला आहे. एक्का ते नव्वीच्या ३६ पानांत एकच गुलाम मिसळायचा, सारखी पाने जुळवण्याऐवजी दहा होणारी जोडी खाली टाकायची आणि शेजाऱ्याच्या हातातील पान न बघता ओढायचे. एक्क्याला नव्वी, दुर्रीला अठ्ठी, तिर्रीला सत्ती, चौकीला छक्की मिळते आणि चार पंज्या आपसांत जुळतात. कोणीही कोणतीही जोडी लावली तरी शेवटी गुलामाखेरीज एकही पान उरत नाही. आईही खेळायला बसल्यामुळे चार भिडू झाले.

बुधवारी मात्र खेळ अडला. सगळ्यांचे हात रिकामे झाले, मुलीकडे गुलाम राहिला आणि आईकडे बदामाची तिर्री. आईने पान दोनदा उलटसुलट करून पाहिले. भाचा खाली पडलेल्या जोड्या पुन्हा तपासू लागला, तेवढ्यात एरवी फारशी न बोलणारी ती मुलगी म्हणाली, “काका, सत्ती हरवलीय. आजींची तिर्री एकटीच उरली ना, म्हणजे सत्तीच नाहीये.” शोधाशोध केल्यावर इस्पिकची सत्ती पडवीच्या पायरीखाली सापडली, वाऱ्याने उडून गेली असावी. सहा वर्षांच्या मुलीने दहाला किती कमी हे कोणी न विचारता वापरले, या घटनेचा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

नॉट ॲट होमही याच धर्तीवर खेळलो. हातात चौकी असेल तर समोरच्याकडे छक्की मागायची, एवढाच बदल. खेळ चांगला आहे, पण चार भिडूंत एका मुलाची पाळी फार उशिरा येते, म्हणून तो दोघांतच खेळावा.

१ जून

बेरजेत अडलेली भाच्याची गाडी जिथे पुढे सरकली तो क्षण नोंदवून ठेवतो. त्याने किलवरची अठ्ठी आणि बदामाची पंजी उलटली. हात चटईखाली न नेता त्याने पंजीवरची वरची दोन बदामे अंगठ्याने झाकली, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाला, “ही दोन अठ्ठीला दिली मामा, दहा झाले. हे बघ, तीन राहिले. तेरा.” पंजीवर वर दोन, मध्ये एक आणि खाली दोन अशी ठिपक्यांची मांडणी असल्यामुळे दोन झाकले की तीन नजरेतच भरतात. छापील पत्त्यांचा हा मोठाच फायदा आहे आणि म्हणून नुसते अंक लिहिलेली घरगुती पाने मी सुरुवातीला देणार नाही. त्याच दुपारी त्याने सत्ती-छक्की आणि नव्वी-पंजीलाही अंगठा लावला.

येथे आपल्या भाषेचाही विचार करावा लागतो. तेरा या शब्दात दहा आणि तीन मुलाला ऐकू येत नाहीत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली, तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झाला. मला आपले रूढ शब्द प्रिय आहेत आणि ते टिकावेत असेच वाटते, पण दहाच्या पुढच्या बेरजा शिकताना “दहा आणि तीन, तेरा” असे दोन्ही म्हणवून घेतल्याने मुलांना आधार मिळतो, हा माझा या महिन्याचा अनुभव आहे. डाव मांडताना आम्ही तसेच म्हणतो.

घड्याळ लावून खेळण्याचा प्रयोग एकदाच केला. मुलगी गप्प झाली आणि पुढचे दोन डाव बोटांवरच मोजत राहिली. घड्याळ परत भिंतीवर गेले.

८ जून

आज पुन्हा वीसही बेरजा विचारल्या. मुलीने बोटांशिवाय बारा सांगितल्या. भाच्याच्या सतरा झाल्या. त्याच्या राहिलेल्या तीन म्हणजे ७+५, ८+६ आणि ८+७. नऊच्या आठही बेरजा तो आता नवाला एक देऊन चटकन सांगतो; या तिन्हींत मात्र पान फोडायचे कोणते, यावर तो घुटमळतो.

या तीन बेरजांसाठी कॅट आणखी लहान केला आहे. पंजी ते अठ्ठी एवढीच १६ पाने घेतली, तर १२० जोड्यांपैकी ४८ याच तीन बेरजांच्या निघतात. तेवढी पाने वेगळी काढून रबर लावून पडवीतल्या कोनाड्यात ठेवली आहेत. भाच्याची परतीची गाडी गुरुवारी आहे, तोवर चार दुपारी हाताशी आहेत.