पाऊस शून्य की पाऊस माहीत नाही?

एपीआयकडून, म्हणजे दुसऱ्या सेवेने प्रोग्रामसाठी उघडलेल्या खिडकीतून, डेटा आणणं हे जावास्क्रिप्टमध्ये दोन ओळींचं काम. एक अवेट फेच (मागणी पाठवा, उत्तराची वाट पाहा), एक अवेट जेसन (आलेला मजकूर उलगडा), झालं. कस लागतो तो आलेला डेटा पडद्यावर मांडताना. मिळालेला आकडा, न मिळालेला आकडा आणि शून्य या तीन गोष्टी वाचणाऱ्याला वेगळ्या कळल्या पाहिजेत.

उदाहरणाला पुण्याचा तासागणिक पाऊस घेऊ. ओपन-मेटिओ ही सेवा बिगर-व्यावसायिक वापरासाठी एपीआय-की (ओळखीचा सांकेतिक क्रमांक) न मागता हवामानाचा अंदाज देते. अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६ पाठवायचे आणि आवर्ली (तासागणिक) या पॅरामीटरमध्ये प्रेसिपिटेशन, म्हणजे पाऊस, मागायचं. उत्तरात दोन समांतर ॲरे (क्रमवार याद्या) येतात, एक वेळांचा आणि एक मिलिमीटरचा. एकाच इंडेक्सवरची (क्रमांकावरची) वेळ आणि पाऊस ही जोडी. नुसत्या पावसाच्या ॲरेवर फिल्टर लावून शून्यं काढलीत की जोड्या विस्कटल्याच. म्हणून आधी मॅप करून वेळ आणि पाऊस एका ऑब्जेक्टमध्ये बांधा, काटछाट नंतर.

वेळेची गफलत तर हटकून होते. टाइमझोन पाठवला नाही तर वेळा जीएमटीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या ग्रीनिच वेळेत येतात, पण ते सांगणारा झेड शेवटी नसतो. अशी स्ट्रिंग (मजकूर) जावास्क्रिप्टच्या न्यू डेटला दिली की ब्राउझर ती स्थानिक वेळ समजतो. मग संध्याकाळी साडेपाचची सर पडद्यावर दुपारी बाराला कोसळते. एरर कुठेच नाही, तक्ता देखणा आणि साडेपाच तासांनी चुकलेला! यूआरएलमध्ये टाइमझोन म्हणून एशिया/कोलकाता घाला. आणखी एक बारकावा: पाचसमोरचा आकडा चार ते पाच या सरलेल्या तासाचा असतो. लेबलवरही ‘४ ते ५’ असंच लिहा.

आता शून्य. आकडा नसेल तर डॅश दाखवायचा म्हणून बरेच जण दोन उभ्या रेघांचा ऑर वापरतात. जावास्क्रिप्टच्या लेखी शून्य म्हणजे फॉल्सी (‘नाही’सारखं), त्यामुळे कोरड्या तासासमोरही डॅश येतो. तिथे दुहेरी प्रश्नचिन्हाचा ऑपरेटर हवा. तो फक्त नल आणि अनडिफाइंडलाच, म्हणजे मूल्यच नसेल तिथेच, पर्याय देतो, शून्याला हात लावत नाही. दप्तर घेऊन निघालेल्या पोराला छत्री द्यायची की नाही हे त्या एका चौकटीवर ठरणार असेल, तर हा फरक किरकोळ नाही.

फेचबद्दलचा गैरसमजही जुनाच आहे. सर्व्हरकडून ४०४ किंवा ५०० असा चुकीचा कोड आला तरी फेच कॅचमध्ये (चूक हाताळणाऱ्या भागात) जात नाही. नेटवर्क तुटलं, कॉर्सने (दुसऱ्या साइटचा डेटा वाचण्यावरच्या ब्राउझरच्या नियमाने) अडवलं किंवा मागणी रद्द झाली तर जातो. त्यामुळे रिस्पॉन्सचा ओके (मागणी यशस्वी झाली का ते सांगणारा गुण) तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. ओपन-मेटिओला चुकीचा पॅरामीटर गेला तर ४०० येतं, पण सोबत व्यवस्थित जेसन असतं आणि त्यात रीझन, म्हणजे चुकीचं कारणही असतं. जेसन सुरळीत पार्स होतं, आवर्ली मात्र त्यात नसतं, आणि कोड भलत्याच ओळीवर आपटतो. रीझन कन्सोलला (ब्राउझरमधल्या, प्रोग्रामरच्या नोंदींच्या जागी) लिहा. वाचकाला ‘अंदाज मिळाला नाही’ एवढं मराठीत सांगून खाली पुन्हा प्रयत्नाचं बटण द्या. गोल फिरणारं चक्र अनंतकाळ फिरत ठेवणं हा निव्वळ आळस.

भाग निवडायला ड्रॉपडाउन असेल तर उत्तरांची शर्यत लागते. हडपसर निवडलं, लगेच बाणेर निवडलं, आणि हडपसरचं उत्तर उशिरा पोचलं, की बाणेरच्या मथळ्याखाली हडपसरचा पाऊस. नवी मागणी सोडण्याआधी ॲबॉर्ट-कंट्रोलर या जावास्क्रिप्टच्या सोयीने जुनी रद्द करा. रद्द केल्यावर येणारी ॲबॉर्ट-एरर मात्र लाल अक्षरांत दाखवू नका, ती आपणच घडवलेली असते.

कोथरूड आणि कर्वेनगरचे आकडे तंतोतंत सारखे आले तर लगेच बग शोधत बसू नका. अंदाज नकाशावर आखलेल्या जाळीच्या (ग्रिडच्या) एका चौकटीचा असतो, आणि उत्तरातले अक्षांश-रेखांश त्या चौकटीच्या मध्याचे असतात, तुम्ही पाठवलेल्या बिंदूपासून काही किलोमीटरवरचेही. तेव्हा गल्लीच्या नावाने अंदाज छापण्याचा मोह टाळलेला बरा. तसंच तासाचे आकडे दर पाच सेकंदांनी मागवून काय हशील?

पान लोकांपुढे ठेवण्याआधी डेव्हटूल्सच्या (ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांच्या) नेटवर्क टॅबमध्ये एकदा ऑफलाइन, एकदा सर्वात मंद वेग लावून पान उघडा. मग अक्षांशाच्या जागी मुद्दाम ९९९ टाका आणि काय दिसतं ते पाहा.