बाबांची इनोव्हा अजून पळतेय
२०१० ची २.५ डिझेल. घेतली तेव्हा काका म्हणाले टॅक्सीवाल्यांची गाडी कशाला घेताय, आणि आता कोकणात जायचं म्हटलं की पहिला फोन त्यांचाच. ३ लाख १२ हजार किमी झालेत, इंजिन अजून उघडलेलं नाही. दीड लाखाला मीटरवर टी-बेल्टचा दिवा लागला तेव्हा माझी फाटलीच होती, पण तो दिवा म्हणजे इंजिनातला टायमिंग बेल्ट नावाचा पट्टा बदलायची नुसती आठवण असते, हे कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने चहा पीत पीत सांगितलं. बाकी क्लच एकदा, आणि सस्पेन्शनचे रबरी बुश किती वेळा ते सिंहगड रोडच्या खड्ड्यांना विचारा. १५ वर्षं झाली म्हणून ग्रीन टॅक्स भरून री-पासिंग केलं, अजून ५ वर्षं मिळाली. बाबा तर आरटीओतून पेढे घेऊनच आले!