बोट समुद्रापर्यंत नेताना: ट्रेलरची डागडुजी, केलेले बदल आणि रॅम्पवरचा अनुभव

साडेचार मीटरची फायबरची बोट, मागे आउटबोर्ड इंजिन आणि खाली एका आसाचा, ब्रेक नसलेला जुना ट्रेलर. या जोडीने आजवर जवळच्या गोड्या पाण्यातच काम केलं होतं. या हंगामात ती समुद्रावर न्यायचं ठरलं. लांबचा रस्ता, मग खाडीच्या तोंडाशी असलेल्या रॅम्पवरून बोट पाण्यात उतरवायची, चार ठिकाणी फिरायचं आणि परत यायचं. निघण्याआधी महिनाभर आम्ही बोटीकडे जवळपास पाहिलंच नाही. सगळा वेळ ट्रेलरला दिला, आणि हाच क्रम योग्य होता असं प्रवासानंतर ठामपणे वाटतं. बोटीचं इंजिन बिघडलं तर वल्ही असतात. ट्रेलरचं चाक रस्त्यात निखळलं तर बोट, गाडी आणि मागून येणारी माणसं, सगळ्यांनाच धोका.

ट्रेलरची अडचण अशी की तो रस्त्यासाठी बनवलेला असतो आणि प्रत्येक फेरीत त्याला पाण्यात बुडवलं जातं. त्याचे जवळजवळ सगळे आजार इथूनच सुरू होतात. तासन्‌तास धावून हब, म्हणजे चाकाचा आसावर फिरणारा मधला भाग, तापलेला असतो, आतली हवा प्रसरण पावलेली असते. अशा वेळी चाक गार पाण्यात गेलं की हवा झटकन आकुंचन पावते, आत कमी दाब तयार होतो आणि सीलच्या (पाणी अडवणाऱ्या कड्याच्या) कडेने पाणी आत ओढलं जातं. ग्रीस पाण्यात मिसळून दुधाळ होतं, बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडतात आणि पुढच्या लांबच्या प्रवासात ते ठिपके बोलू लागतात.

म्हणून सुरुवात हबपासून केली. दोन्ही बाजूंचे हब उतरवून आतली आणि बाहेरची बेअरिंगं, त्यांच्या रिंगा आणि सील बाहेर काढले. जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुतलं. हे धुणं टाळू नका. सगळी ग्रीसं एकमेकांत मिसळत नाहीत, विसंगत जातीची एकत्र आली तर पातळ होऊन वाहून जातात. आधी कोणतं भरलं होतं ते माहीत नसेल तर सगळं काढूनच नवं भरावं. आम्ही पाण्यात टिकणारं, बोटींसाठी मिळणारं ग्रीस वापरलं. बेअरिंग तळहातावरच्या ग्रीसमध्ये दाबत राहायचं, रोलरच्या फटींतून दुसऱ्या बाजूने ग्रीस डोकावेपर्यंत. नुसतं वरून फासलेलं ग्रीस कामाचं नाही.

रिंगेवर हाताचं बोट फिरवून बघा. नखाला खड्डा लागला, किंवा धातूवर निळसर झाक दिसली, तर बेअरिंग आणि रिंग दोन्ही एकत्र बदला. जुन्या रिंगेत नवं बेअरिंग घालणं म्हणजे पैसे आणि मेहनत वाया. सीलचा ओठ आसाच्या ज्या भागावर फिरतो तो भागही तपासा. तिथे गंजाची खाच पडली असेल तर नवं सीलही पाणी अडवणार नाही. आम्ही दुहेरी ओठाचं सील घातलं.

नट आवळण्याची पद्धत नीट शिकून घ्यावी. शंकूच्या आकाराच्या रोलर बेअरिंगसाठी, हब हाताने फिरवत नट पान्याने आवळायचा म्हणजे बेअरिंग जागेवर बसतं. मग तो पूर्ण सैल करायचा आणि पुन्हा फक्त बोटांनी घट्ट करायचा. नट अडवणाऱ्या पिनचं भोक जुळत नसेल तर नट किंचित मागे घ्यायचा, पुढे नाही. स्प्लिट पिन दर वेळी नवी. काही नव्या ट्रेलरवर बंद, कारखान्यातच भरलेली बेअरिंगं येतात. त्यांना ही रीत लागू नाही, तिथे उत्पादकाने दिलेलं मापच पाळायचं.

बाहेरून स्प्रिंगवाली झाकणं बसवली. ती ग्रीसला आतून हलकासा दाब देत राहतात, त्यामुळे हब गार पडताना पाणी शोषलं जाण्याचं प्रमाण खूप कमी होतं. झाकण उपयोगी आहे, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. ग्रीसगनने भरताना आतली चकती थोडी पुढे सरकली की थांबायचं. जास्त दाबलं तर मागचं सील बाहेर ढकललं जातं, आणि ट्रेलरला ब्रेक असतील तर ग्रीस थेट ब्रेकच्या अस्तरावर जातं. आणि झाकण बसवलं म्हणून हब वर्षानुवर्षं उघडायचा नाही, असं होत नाही. मागचं बेअरिंग प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायला हब उतरवावाच लागतो.

टायरची नक्षी शाबूत होती, तरी ते बदलले. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. एका जागी उभे राहून, उन्हाने रबर कडक होतं, कडेच्या भिंतीवर बारीक चिरा दिसू लागतात. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर लांबच्या रस्त्यावर नेऊ नये असं माझं मत आहे. हवा थंड टायरमध्येच मोजायची. कमी हवा हे टायर फुटण्याचं मोठं कारण, कारण टायर वाकत राहतो आणि तापतो. जादा चाक घेतलंच असेल, पण गाडीचा जॅक ट्रेलरच्या आसाखाली बसतो का आणि पाना ट्रेलरच्या नटांना लागतो का, हे घरीच करून बघा.

पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये गंज दोन पाट्यांच्या मधे लपतो. वरून रंग चांगला दिसतो आणि आत पाटा फुगलेला असतो. आस स्प्रिंगला बांधणारे आमचे यू-बोल्ट हातोडीच्या हलक्या ठोक्याने खपल्या सोडू लागले, म्हणून ते जस्ताचा मुलामा दिलेले नवे घातले आणि पहिल्या टप्प्यानंतर पुन्हा आवळले. चौकोनी पाइपची चौकट असेल तर सगळ्यात खालच्या जागी पाणी निथळायला भोक आहे ना, ते मोकळं आहे ना, तेवढं बघा. अशी चौकट आतून गंजते.

बोट ज्यावर टेकते त्या लाकडी पट्ट्यांवरचा गालिचा पाण्यात ओला राहून कुजला होता. तो काढून घसरत्या प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या, स्क्रूची डोकी खोल बसवून. हा बदल केल्यावर बोट उतरवणं आणि चढवणं फारच सोपं झालं. पण त्याची दुसरी बाजू गंभीर आहे: आता उतारावर बोटीला अडवणारं घर्षण उरत नाही. विंचचा (बोट ओढायच्या चरखीचा) हूक पाण्याच्या आधी काढला तर बोट काँक्रीटवर येईल. हूक आणि पुढची सुरक्षा साखळी बोटीचा मागचा भाग तरंगेपर्यंत लावलेलीच राहू द्या. ज्यांची बोट ॲल्युमिनियमची आहे त्यांनी पट्ट्यांसाठी तांब्याच्या रसायनाने प्रक्रिया केलेलं लाकूड वापरू नये, त्याने तळ खाल्ला जातो.

विंचवरची तारेची दोरी काढून पन्नास मिलिमीटर रुंदीचा पॉलिएस्टरचा पट्टा घातला. तारेचे धागे तुटून हातात घुसतात, आणि ताणलेली तार तुटली तर ती कुठे झेपावेल सांगता येत नाही. पट्टा उन्हाने कमजोर होतो म्हणून त्यावर आवरण घातलं. विंचचा पट्टा फक्त बोट ओढायला, रस्त्यावर बोट धरून ठेवायला मागच्या कोपऱ्यांना रॅचेटचे वेगळे पट्टे हवेतच.

दिवे एलईडीचे, पूर्ण बंद स्वरूपाचे बसवले. अर्थिंगची वायर चौकटीच्या भरवशावर न सोडता प्लगपर्यंत स्वतंत्र नेली. ट्रेलरचे दिवे मधेच लुकलुकतात त्यामागे बहुतेक वेळा गंजलेली अर्थिंगच असते.

निघण्याआधी एक वजन जरूर करा. ट्रेलरचं पुढचं टोक गाडीच्या बॉलवर (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्यावर) किती भार टाकतं ते न्हाणीघरातल्या साध्या वजनकाट्यावरही कळतं, मधे लाकडाचा ठोकळा ठेवून, बॉलच्याच उंचीला. एकूण वजनाच्या सुमारे ५ ते १० टक्के भार पुढे असावा. काही ठिकाणी १० ते १५ टक्क्यांची शिफारस असते. गाडीच्या आणि ट्रेलर जोडायच्या हूकच्या मर्यादेपेक्षा तो जास्त होता कामा नये. भार कमी पडला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि ते झुलणं एकदा वाढलं की आवरणं कठीण. आमच्याकडे इंधनाची टाकी आणि नांगर मागे होते. ते पुढे आणून बांधल्यावर भार बरोबर झाला.

रस्त्यावर आम्ही पहिला थांबा लवकर घेतला आणि नंतर प्रत्येक थांब्यावर एकच काम आधी केलं: दोन्ही हबवर हात. कोमट असणं ठीक. हात ठेवता येत नसेल, किंवा एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम असेल, तर पुढे जायचं नाही. चाकांचे नटही पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरनंतर पुन्हा आवळले.

वाटेत एक कुटुंब रस्त्याच्या कडेला थांबलेलं दिसलं. हबमधून धूर येत होता, बेअरिंग निळं पडून त्याची आतली रिंग आसाला चिकटून बसली होती. आम्ही सोबत एक पूर्ण हब नेला होता, बेअरिंग, सील, ग्रीससकट तयार, पिशवीत बांधलेला. तो त्यांच्या आसाला बसेना, माप वेगळं होतं. जॅक, पाने आणि दिवा दिला, मदत येईपर्यंत थांबलो. दुसऱ्याचा सुटा भाग आपल्या कामी येईल ही आशा ठेवू नये. स्वतःच्या ट्रेलरच्या मापाचा तयार हब सोबत असला की रस्त्याकडेचं काम अर्ध्या तासात होतं.

खाडीवर पोचलो तेव्हा ओहोटी होती. ते आमच्या पथ्यावरच पडलं, कारण पाणी उतरलेलं असताना रॅम्पचं खरं रूप दिसतं. काँक्रीट कुठे संपतं, पुढे खड्डा आहे का, शेवाळाचा हिरवा पट्टा कुठून सुरू होतो, हे सगळं चालत जाऊन पाहिलं. रॅम्पच्या टोकाला अनेकदा खोल खळगा असतो. लोक बोट ट्रेलरवर चढवताना इंजिनचा जोर लावतात आणि पंख्याचा झोत तळाची माती उडवून नेतो. ट्रेलरचं चाक त्या कडेवरून खाली गेलं तर भरती आल्याशिवाय सुटका नाही. ही कडा कुठे आहे ते लक्षात राहावं म्हणून काठावरच्या खांबाशी तिची रेघ जुळवून ठेवली.

अर्धी भरती होईपर्यंत थांबलो. हबही तोवर गार झाले. तुम्ही भरतीच्या वेळी पोचलात तरी ही विश्रांती घ्याच. तेवढ्या वेळात रॅम्पपासून दूर, सपाट जागेवर बाकीची तयारी होते: बोटीतलं पाणी काढायच्या भोकाला बूच लावणं, मागचे पट्टे सोडणं, नाळेला (बोटीच्या पुढच्या टोकाला) लांब दोर बांधणं, इंजिन वर उचललेलं आहे ना बघणं, साधे बल्ब असतील तर दिव्यांचा प्लग काढणं. गरम बल्ब पाण्यात गेला तर तडकतो. रॅम्पवर उभं राहून ही कामं करू नयेत, मागे लोक खोळंबतात आणि घाईत बूच राहून जातं.

उतरवताना गाडीची ज्या चाकांना ताकद मिळते ती शेवाळाच्या वर राहिली पाहिजेत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला चढावर जास्त त्रास होतो, कारण मागच्या ओझ्याने पुढची चाकं हलकी होतात. चालकाने खिडक्या उघड्या आणि सीटबेल्ट सोडलेला ठेवावा. गाडीच्या चाकामागे लाकडी ठोकळा लावा आणि त्याला दोरी बांधून ती ट्रेलरला अडकवा, म्हणजे गाडी वर निघाली की ठोकळा आपोआप मागे येतो. आमच्या रॅम्पचा उतार कमी होता. बोट तरंगेपर्यंत गाडीची मागची चाकं ओली झाली, ते मला आवडलं नाही. ट्रेलरचा दांडा लांबवायला जोडनळी बसवणं हे पुढचं काम ठरलं आहे.

परतीच्या वेळी आडवा वारा होता. ट्रेलरच्या मागे दोन्ही बाजूंना उभे केलेले खांब, वर प्लास्टिकचा पाइप घातलेले, इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडले. पाण्याखाली गेलेला ट्रेलर दिसत नाही, खांब दिसतात, आणि वाऱ्याने बोट त्यांच्याबाहेर जात नाही. ट्रेलर फार खोल नेऊ नका. बोट तरंगतच राहिली तर बाहेर काढताना तिरकी बसते. टेकू लागली की उरलेलं अंतर विंचने ओढायचं, इंजिनच्या जोराने नाही.

वर आल्यावर आधी बूच काढा. बोटीत राहिलेलं शंभर लिटर पाणी म्हणजे ट्रेलरवर शंभर किलो जास्तीचं ओझं. मग जिथे पहिलं गोडं पाणी मिळेल तिथे ट्रेलर धुवा: पाट्यांच्या फटी, चौकटीच्या आतली पोकळी, कपलर (बॉलवर बसणारा सांधा), विंचचे दाते, ब्रेक असतील तर तेही. घरी पोचल्यावर मी एका बाजूचा हब उघडून पाहिला. ग्रीसचा रंग बदललेला नव्हता. तुमच्याकडे तो दुधाळ दिसला तर दोन्ही बाजूंची सीलं बदला, बेअरिंगं धुऊन तपासा, आणि हे काम पुढच्या हंगामावर ढकलू नका. आत शिरलेलं खारं पाणी ट्रेलर उभा असतानाही गंज चढवत राहतं.