रॉबेन बेटावर जाणार असाल तर

केपटाऊनला जाणारे आपले बहुतेक लोक टेबल माउंटन, पेंग्विन आणि द्राक्षमळे बघून परततात. रॉबेन बेटावर वेळ उरला तर जातात. माझं ऐका, आधी बेटाचं तिकीट काढा आणि बाकीची सहल त्याभोवती बसवा. नेल्सन मंडेला २७ वर्षं तुरुंगात होते. त्यातली १८ वर्षं, १९६४ ते १९८२, या बेटावर गेली.

बोट वॉटरफ्रंटवरच्या नेल्सन मंडेला गेटवेपासून सुटते. जाऊन-येऊन साडेतीन-चार तास धरा. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून तिकीट मुक्कामाच्या सुरुवातीचं घ्या. हुकलं तर हाताशी दिवस राहतो. १८ जुलै हा मंडेलांचा जन्मदिवस. त्या दिवशी तिथले लोक ६७ मिनिटं दुसऱ्यासाठी काम करतात, कारण मंडेलांनी ६७ वर्षं सार्वजनिक कामाला दिली. तो दिवस बघायचा मोह होतो, पण जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा, वर पाऊस. शक्य असेल तर नोव्हेंबर ते मार्च जा. विंडचीटर हवाच. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या आणि खाऊन निघा.

बेटावर आधी बस फिरवते. चुनखडीच्या खाणीपाशी थांबते. पांढऱ्या दगडावरून परतणाऱ्या उन्हात कैद्यांना वर्षानुवर्षं दगड फोडायला लावलं, तेही बराच काळ गॉगलशिवाय. मंडेलांच्या डोळ्यांना त्याने कायमची इजा झाली. खाणीच्या तोंडाशी एक दगडांचा ढीग दिसेल. १९९५ मध्ये जुने कैदी परत जमले, तेव्हा एकेकाने एकेक दगड ठेवून तो रचला. बसमधून दोन मिनिटांत मागे पडतो, नजर ठेवा.

तुरुंग दाखवायला बहुतेक वेळा एखादा माजी राजकीय कैदीच असतो. आमच्या वाटाड्याने एका फलकापाशी थांबवलं. कैद्यांच्या जेवणाचा तक्ता होता. मिश्रवंशीय आणि आशियाई कैद्याला जॅम किंवा पाक १ औंस, काळ्या कैद्याला काहीच नाही. मांस एकाला ६ औंस, दुसऱ्याला ५. एका औंसाचाही हिशेब कातडीच्या रंगावर! मंडेलांचे सहकारी अहमद कथराडा त्यांच्याहून ११ वर्षांनी लहान, मूळचे गुजराती घराण्यातले. एकाच खटल्यात दोघांना जन्मठेप झाली. पण भारतीय वंशाचे म्हणून कथराडांना लांब पँट मिळाली आणि पंचेचाळिशीच्या मंडेलांना हाफ पँट. काळा माणूस कितीही मोठा झाला तरी 'पोऱ्या'च, हे रोज अंगावर घालून सांगायचं. तुकडीत आम्ही भारतीय बरेच होतो. त्या तक्त्यापुढे कुणीच काही बोललं नाही.

ब विभागातली मंडेलांची कोठडी जेमतेम एक माणूस आडवा होईल एवढी. गर्दी पुढे ढकलत राहते. रांगेत मुद्दाम शेवटी राहा, म्हणजे गजांपाशी नीट उभं राहता येतं.

हे सगळं पाहिल्यावर क्षमेचं मोल कळतं. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर शपथविधीला त्यांनी आपल्या एका गोऱ्या तुरुंगरक्षकाला बोलावलं. पुढच्या वर्षी ज्या सरकारी वकिलाने त्यांच्यावर जन्मठेपेचा तो रिव्होनिया खटला चालवला, त्या पर्सी युटार यांना जेवायला बोलावलं. वर्णभेदाची घडी बसवणारे पंतप्रधान फेरवूर्ट, त्यांच्या वृद्ध पत्नीला भेटायला ते ओरानिया या केवळ गोऱ्यांच्या गावी स्वतः गेले. याला भाबडेपणा म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. सूड घ्यायची सत्ता हातात असताना त्यांनी शांतपणे ठरवून केलेलं ते राजकारण होतं, आणि फार मोठ्या मनाचं.

वेळ असेल तर बेटाच्या आदल्या दिवशी डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय बघा. १९६६ मध्ये केपटाऊनमधली ही वस्ती गोऱ्यांसाठी राखीव ठरवली आणि साठ हजारांवर माणसं उठवली. संग्रहालयाच्या जमिनीवर जुन्या गल्ल्यांचा मोठा नकाशा आहे. तिथल्या जुन्या रहिवाशांशी बोलायची संधी मिळाली तर सोडू नका. बेटानंतर गाडीने तासाभरावरच्या पार्लकडे जा. ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला जिथून चालत बाहेर पडले, त्या तुरुंगाच्या दाराबाहेर मूठ उंचावलेला त्यांचा पुतळा आहे. आत अजूनही तुरुंग चालतो, त्यामुळे फोटो पुतळ्याचेच काढा.

अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे विमान असेल तर पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो का, हे तिकीट काढतानाच तपासा. व्हिसासाठी पासपोर्टात दोन कोरी पानं ठेवा.