आज पाय जड आहेत, म्हणजे एमएसचा अटॅक आला का?

‘काल दोन जिने सहज चढून झाले आणि आज पलंगावरून उतरताना उजवा पाय ओढावा लागतोय. हा नवा अटॅक समजायचा का?’ मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे हा प्रश्न आम्हाला हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

पुष्कळदा उत्तर ‘नाही’ असंच निघतं. पण ते कशावरून म्हणायचं हे ठाऊक हवं. ते ठाऊक नसलं की कुणी दर वाईट दिवशी स्टेरॉइडचं सलाईन लावून घेतं, आणि कुणी खऱ्या अटॅकमध्येही ‘उतरेल आपोआप’ म्हणत दहा दिवस काढतं.

एमएसमध्ये मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यामागची नस यांच्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण शरीराचीच प्रतिकारशक्ती सोलून काढते. हे सोलणं नव्याने चालू होतं तो अटॅक, डॉक्टरांच्या भाषेत रिलॅप्स. सूज ओसरल्यावर आवरण थोडंफार भरून येतं, पण जुन्या जखमेच्या जागेतून संदेश जातो तो जेमतेम. अंगाचं तापमान अर्ध्या अंश सेल्सिअसने वाढलं तरी तो तिथे अडकू शकतो. नवीन काही बिघडलेलं नसतं, जुनीच जागा दगा देते. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्ये व्यायामानंतर दृष्टी अंधुक होणारे रुग्ण नोंदवले, म्हणून याला उथॉफचं नाव पडलं. पुढे कित्येक वर्षं एमएसच्या निदानासाठी रुग्णाला चक्क गरम पाण्याच्या टबात बसवत आणि लक्षणं वाढतात का ते पाहत. ती चाचणी मागे पडली हे उत्तमच झालं.

घरातला प्रकार साधारण असा असतो. कढत पाण्याने अंघोळ झाली, आरशासमोर उभं राहिलं आणि डाव्या डोळ्यापुढे धुरकट काच धरल्यासारखं झालं. पंख्याखाली बसल्यावर अर्ध्या-पाऊण तासात नजर पूर्ववत. हा अटॅक नव्हे. दिवस चढतो तसं अंगाचं तापमानही थोडं वाढतं, त्यामुळे सकाळी ठीक आणि दुपार कलताना पाय जड, हेही याच हिशेबातलं. काही बायकांना पाळीच्या आधीचे दोन-चार दिवस असेच जातात.

अटॅक म्हणायला तीन गोष्टी लागतात. लक्षण नवं असावं किंवा जुनं ठळकपणे वाढलेलं असावं आणि ते सलग 24 तासांहून जास्त टिकावं. ताप किंवा जंतुसंसर्ग नसावा. आणि आधीचा अटॅक सुरू होऊन निदान 30 दिवस झालेले असावेत. त्याची चालही वेगळी असते: तास-दिवसांच्या हिशेबाने चढतो, काही दिवस तिथेच राहतो, मग आठवडे-महिने घेत उतरतो. तळपायाची बधिरता दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत, चौथ्या दिवशी कमरेपर्यंत आली, तर ते उन्हाचं काम नव्हे. एक डोळा फिरवताना दुखतोय आणि त्या डोळ्याला लाल रंग फिका, विटकरी दिसतोय, हेही तसंच. एक-एक डोळा झाकून एखादं लाल झाकण पाहिलं की फरक लगेच कळतो. मान वाकवताच पाठीतून करंट जाणं किंवा गालावर वीज चमकणं हे काही सेकंदांचं असतं, एखाद-दुसऱ्या वेळी झालं तर मोजू नये. पण नव्यानेच सुरू होऊन दिवसभर पुन्हा पुन्हा येत राहिलं, तर कळवावं.

मग पहिल्या दिवशी करायचं काय? आधी थर्मामीटर लावा. ताप असेल तर तो उतरवा आणि मग पाय तपासा. त्यानंतर लघवी. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. एमएसमध्ये मूत्राशयाची संवेदना मंदावलेली असू शकते, त्यामुळे संसर्ग असूनही जळजळ जाणवत नाही. लघवी गढूळ होते, वास येतो आणि पाय अचानक ताठरतात, एवढंच. म्हणून लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी), दोन्ही करून घ्या. बद्धकोष्ठता, पायाच्या बोटात रुतलेलं नख, बसून-बसून पडलेला व्रण यांनीही ताठरपणा वाढतो. ताठरपणा कमी करणारी बॅक्लोफेनची गोळी चुकली आहे का, तेही बघा. ती एकदम बंद करणं तर धोक्याचंच. झोप नीट झाली नसेल तर तेही लिहून ठेवा. मानेवर ओला कपडा, गार (बर्फाचं नव्हे) पाणी, तासभर आराम, आणि पुन्हा तपासा.

नोंद ठेवताना ‘खूप अशक्तपणा’ असं लिहिलं तर डॉक्टरांना त्यातून काही हाती लागत नाही. कुठली बाजू, किती वाजता सुरू झालं, शर्टाची बटणं लावायला किती वेळ लागला, ते लिहा. घरात 25 फूट मोजून खूण करा आणि तेवढं चालायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर बघा. वेळ 20 टक्क्यांहून जास्त वाढली तर तो फरक खरा धरतात. एरवी 8 सेकंद लागत असतील आणि आता 10 लागत असतील, तर फोन करायला हरकत नाही.

अटॅक ठरला तरी प्रत्येकाला स्टेरॉइड लागत नाही. नुसती बधिरता असेल आणि कामं अडत नसतील तर वाट पाहता येते. दृष्टी, चालणं किंवा हात अडला तर नेहमीचा उपचार म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन, रोज 1 ग्रॅम, 3 ते 5 दिवस शिरेतून. तितक्याच ताकदीच्या गोळ्याही चालतात. त्याने सुधारणा लवकर होते, पण शेवटी किती भरून येईल ते त्याने बदलत नाही. झोप उडते, तोंडाला धातूची चव येते, रक्तातली साखर चढते. संसर्ग अंगात असताना तो घेतला तर संसर्ग बळावतो, म्हणून लघवीच्या तपासणीचा एवढा आग्रह. तीव्र अटॅकमध्ये स्टेरॉइडने फरक पडला नाही, तर प्लाझ्मा एक्सचेंजचा, म्हणजे रक्तातला द्रव भाग काढून बदलण्याचा, विचार होतो.

काही वेळा 24 तास मोजत बसायचं नसतं. लघवी अडली, गिळताना ठसका लागतोय, श्वास अपुरा पडतोय, किंवा मिनिटांत तोंड वाकडं होऊन बोलणं अडखळलं, तर थेट दवाखाना गाठा. शेवटचा प्रकार पक्षाघाताचा असू शकतो. एमएस आहे म्हणून पक्षाघात होत नाही असं नाही. नॅटालिझुमॅब हे एमएसचं औषध चालू असताना हळूहळू वाढत जाणारा गोंधळ, बोलण्यातला किंवा वागण्यातला बदल दिसला, तरी लगेच कळवा.

आणखी एक गोष्ट फक्त वहीतच सापडते. एकही अटॅक आलेला नाही, ताप नाही, ऊन नाही, तरी 25 फुटांचे सेकंद जानेवारीत 7, एप्रिलमध्ये 8, ऑगस्टमध्ये 9 असे सरकत गेलेले असतात. ही संथ वाढ अटॅकपेक्षा वेगळी आहे, स्टेरॉइडने ती थांबत नाही आणि तिच्यासाठी एमएसच्या मूळ औषधाचाच फेरविचार करावा लागतो. पुढच्या तपासणीला जाताना तो कागद बरोबर न्या.