लाटेचा आवाज
होडी उलटल्यानंतर दोन वर्षे मी मालवणच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले नव्हते. मानसोपचारतज्ज्ञांनी संमोहन सुचवले, तेव्हा आई म्हणाली, "आधी देवाक गाऱ्हाणा घालूया." आम्ही दोन्ही केले. संमोहन म्हणजे झोप नव्हे. लक्ष एकाच ठिकाणी एकवटते आणि शरीर सैल असताना ती भीती थोड्या अंतरावरून पाहता येते. १७५६ साली गोव्यातील कांदोळी येथे जन्मलेल्या आबे फारिया या संमोहनाच्या आद्य अभ्यासकांनी पॅरिसमध्ये मांडले होते, की संमोहनाची शक्ती संमोहनकाराच्या हातांत नसून समोरच्या व्यक्तीच्याच मनात असते. मात्र त्या अवस्थेत आठवलेले सारे खरेच असते असे नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावल्यामुळे हरवलेल्या आठवणी उकरण्याचा हट्ट मी धरला नाही. परवा गुडघाभर पाण्यात उभी राहिले.