माळशेजच्या ढगात अडासवाली गाडी: तिला काय दिसतं आणि काय दिसत नाही

मुंबईत गाडी चालवणाऱ्याला सगळ्याची सवय असते, जेव्हीएलआरचं ट्रॅफिक, जुलैतले खड्डे, हिंदमाताचं पाणी, पण धुक्याची नसते. डिसेंबर-जानेवारीत कधीतरी टिटवाळा, बदलापूर, कर्जत पट्ट्यात सकाळी धुकं पडतं, लोकल उशिरा धावतात, व्हॉट्सअॅपवर फोटो फिरतात आणि दहा वाजेपर्यंत सगळं विरून जातं. त्यामुळे घाटात पहिल्यांदा खरं दाट धुकं अंगावर येतं तेव्हा बहुतेकांना काय करायचं तेच सुचत नाही, मग कोणी हाय बीम लावतं, कोणी चारही इंडिकेटर चालू करतं, आणि हल्ली नवीन गाड्या घेतलेले लोक म्हणतात की अडास (ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टिम) आहे ना, गाडी बघून घेईल.

यंदा आषाढात आम्ही मुलुंडहून ओतूरला मामांकडे गेलो, ताई, दाजी, भाचा आणि मी. गाडी दाजींची, नवीकोरी, लेव्हल २ अडासवाली, म्हणजे पुढच्या काचेवर आरशामागे कॅमेरा, पुढच्या बंपरमधे रडार, आपोआप ब्रेक, लेनमधे ठेवणारं स्टिअरिंग, पुढच्या गाडीशी अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल, सगळं. आपल्याकडे हे प्रकरण तसं ताजंच, २०२१ मधे महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आली तेव्हापासून मध्यमवर्गीय घरांत हा शब्द बोलला जायला लागला. दाजींना त्याचं फार कौतुक, आणि ते योग्यही आहे, हायवेवर या सिस्टिम जीव वाचवतात यात मला शंका नाही. जाताना माळशेज, येताना बोरघाट असा बेत ठरला आणि दोन्ही घाटांत गाडी मी चालवणार हेही ठरलं.

पहाटे निघालो की भिवंडी बायपास आणि कल्याणचा दुर्गाडी पूल पटकन मागे पडतो, नंतर शहाड, मुरबाड, सरळगाव, टोकावडे. मुरबाडनंतर भातखाचरं सुरू होतात, आषाढात लावणी चाललेली असते आणि पाऊस थांबला की डोंगर इतके जवळ दिसतात की भाचा हातच लावायला निघाला होता. मोरोशीला भैरवगडाचा सुळका लागतो. आम्हाला तो कमरेपर्यंतच दिसला, वर ढग. दाजी म्हणाले, "बघ, आता गाडीची खरी परीक्षा. तू बिनधास्त चालव, ती स्वतः ब्रेक मारते." मी म्हटलं, "दाजी, मॅन्युअलमधे धुक्याबद्दल काय लिहिलंय ते वाचलंत का?" नव्हतं वाचलं. ताईने डॅशबोर्डच्या खणातून पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं, धुकं, जोराचा पाऊस, समोरून येणारा प्रखर उजेड, घाणेरडी काच, तीव्र वळणं, अशा वेळी सिस्टिम नीट चालेलच असं नाही. असा इशारा जवळपास प्रत्येक कंपनीच्या पुस्तकात असतो आणि तो कोणी वाचत नाही.

माळशेजचं पावसाळ्यातलं धुकं म्हणजे खरं तर ढगच. समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढते, थंड होते आणि तिचा ढग तिथेच कड्यावर बसतो, रस्ता त्याच्या पोटातून जातो. हिवाळ्यातलं धुकं वेगळं, ते रात्री जमीन निवल्यामुळे खाली दरीत, शेतात साठतं आणि ऊन आलं की उठतं. ढगाचं तसं नसतं, तो दुपारी दोनलाही येतो, एका वळणावर लख्ख आणि पुढच्या वळणावर बोनेटपलीकडे काही नाही. हवामान खात्याच्या हिशोबात १ किलोमीटरच्या आत दिसायला लागलं की धुकं, २०० मीटरच्या आत दाट, आणि ५० मीटरच्या आत अति दाट. आम्ही घाटात शिरलो तेव्हा रस्त्याकडेचे पांढरे दगड मोजून जेमतेम दोन दिसत होते.

आणि पहिल्या काही वळणांतच स्क्रीनवर मेसेज आला की कॅमेरा तात्पुरता उपलब्ध नाही. लेनचं चिन्ह गेलं, क्रूझ आम्ही लावलेलाच नव्हता. दाजी जरा गप्प झाले.

कॅमेऱ्याचं साधं आहे, जे आपल्या डोळ्याला दिसत नाही ते त्यालाही दिसत नाही. धुक्याचा थेंब साधारण १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळे प्रत्येक थेंबावर उजेड विखुरतो आणि समोर पांढरा पडदा होतो. हाय बीम लावला की तो पडदा आणखी उजळतो, कारण आपलाच उजेड परत आपल्या डोळ्यात येतो. महागड्या गाड्यांतल्या लेझरवाल्या लायडारलाही धुक्यात हाच त्रास. रडारचं मात्र वेगळं. गाडीतलं रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, त्याची लहर जवळपास ४ मिलिमीटरची, म्हणजे धुक्याच्या थेंबाच्या शेकडो पट मोठी, ती थेंबांना न जुमानता आरपार जाते. मुसळधार पावसात मात्र थेंबच मिलिमीटरमधे मोजायचे, तिथे रडारचाही पल्ला कमी होतो, शिवाय बंपरवर चिखल बसला तर ते आंधळंच. माळशेजला धुकं आणि मुसळधार दोन्ही एकदम मिळतं.

रडार काय करू शकतं ते आम्हाला प्रत्यक्ष बघायला मिळालं. समोर काहीच दिसत नव्हतं आणि मीटरवर अचानक गाडीचं छोटं चित्र उमटलं, मी पाय सैल केला, आणि दोन-तीन सेकंदांनी भाजीचा टेम्पो दिसला, मागचा एकच दिवा तोही मिणमिणता. माझ्या डोळ्याच्या आधी गाडीला कळलं होतं. भाचा टाळ्या वाजवायला लागला आणि मलाही खरंच भारी वाटलं, कोणी म्हटलं की हे सगळं नुसतं शोरूमचं नाटक आहे तर मी मान्य करणार नाही.

पण पुढे बोगद्याच्या अलीकडे, जिथे लोक धबधब्यासाठी गाड्या लावतात, तिथे एक ट्रक अर्धा रस्त्यावर उभा होता. पार्किंग लाइट नाही, मागे त्रिकोण नाही, रिफ्लेक्टरची पट्टी चिखलाने माखलेली. मी वीसच्या स्पीडला होते म्हणून आरामात थांबले. गाडी मात्र काही बोलली नाही, ना बीप, ना लाल चिन्ह. दाजी म्हणाले, "अगं, एवढा मोठा ट्रक हिला दिसला नाही?" दिसला असणार, तिने मोजला नाही.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. रडारला समोरच्या वस्तूचा वेग चांगला कळतो, परत येणाऱ्या लहरीच्या फरकावरून. आता रस्त्यात उभ्या वस्तू किती असतात बघा, पाट्या, कठडे, पूल, घाटातली दरड, बोगद्याचं तोंड, या सगळ्या गाडीच्या दिशेने गाडीच्याच वेगाने येताना दिसतात. प्रत्येकीवर ब्रेक मारला तर गाडी चालणारच नाही आणि मागचा येऊन धडकेल. म्हणून बऱ्याच सिस्टिममधे रडारने पाहिलेली उभी वस्तू एकट्या रडारच्या शब्दावर खरी मानत नाहीत, कॅमेऱ्याने हो ही गाडीच आहे असं म्हटलं तरच पूर्ण ब्रेक लागतो. धुक्यात कॅमेराच गेलेला असतो. म्हणजे चालता टेम्पो दिसेल आणि उभा ट्रक सुटेल, आणि धुक्यात माणसं मरतात ती बऱ्याचदा उभ्या किंवा अचानक थांबलेल्या गाडीवर आदळून. उंचीसुद्धा मोजणारी नवीन रडार येतायत, त्यात पूल कुठला आणि ट्रक कुठला हे जास्त चांगलं कळतं, पण आज तुमच्या गाडीत काय आहे ते शोरूममधे विचारून घ्या, नुसतं अडास आहे एवढ्यावर थांबू नका. काही गाड्यांत तर रडारच नसतं, फक्त कॅमेरा असतो.

क्रूझबद्दलही सांगते, घाटात लावूच नये. रडारचा झोत सरळ जातो, नागमोडी वळणावर पुढची गाडी झोतातून बाहेर गेली की सिस्टिमला वाटतं रस्ता मोकळा झाला आणि ती सेट केलेल्या स्पीडकडे गाडी पळवायला लागते. धुक्यात, वळणावर, दरीकडेला!

आता दिव्यांचं, कारण माझ्या मते धुक्यातला सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. हेडलाइट ऑटोवर ठेवून लोक निवांत असतात, पण तो सेन्सर बाहेर उजेड किती तेवढंच बघतो, आणि दिवसाच्या धुक्यात उजेड भरपूर असतो, सगळं पांढरंफटक. त्याला रात्र वाटत नाही आणि हेडलाइट लागत नाहीत. पुढचे डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप लागणारे छोटे दिवे, चालू असतात म्हणून आपल्याला वाटतं दिवे लागलेत, पण बऱ्याच गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे दिवे लागतच नाहीत, मागून गाडी पूर्ण काळोखी. घाटात आमच्यापुढे अशा कितीतरी गाड्या होत्या, चांगल्या वीस-वीस लाखांच्या. म्हणून स्वतः हाताने लो बीम, पुढचे फॉग लॅम्प आणि मुख्य म्हणजे मागचा लाल फॉग लॅम्प लावायचा, तो साध्या टेल लाइटपेक्षा खूप प्रखर असतो आणि तो असतो हेच अनेकांना माहीत नाही. धुकं संपलं की बंद करायचा, नाहीतर मागच्याच्या डोळ्यात जातो. आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जाऊ नका हो, मागच्याला कळत नाही की तुम्ही उभे आहात की चालताय, वळायचं असलं तर इंडिकेटरही दाखवता येत नाही. आतून काचेवर वाफ धरते त्यासाठी एसी आणि डीफॉगर चालू ठेवा, कॅमेराही त्याच काचेतून बघतो.

माथ्यावर आल्यावर पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी एकदम समोर आलं, ढग मागे राहिला. ओतूरला मामीने मासवडी केली होती, आमच्याकडच्या मासवडीबद्दल लिहायला वेगळी पोस्ट लागेल, ती लिहीन. रात्री अंगणात बसून दाजी आणि मामा हिशोब घालत होते, मामांनी आयुष्यभर एसटी चालवलेली. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, समोर काही दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच गेले, ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी ५० च्या आसपास, म्हणजे ८० मीटरच्या वर. ४० ला हेच सगळं मिळून ३० मीटरमधे होतं. मामा म्हणाले, "जेवढं दिसतं त्याच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे, एवढंच आम्हाला ठाऊक." आपोआप ब्रेक तुमचा तो दीड सेकंद वाचवेल, ओल्या रस्त्यावर टायर घसरतो ते अंतर वाचवणार नाही.

परतीला आळेफाटा, नारायणगाव, चाकण करत तळेगावला एक्स्प्रेस वेवर चढलो. कामशेतपर्यंत रिमझिम होती, तिथे क्रूझ लावून बघितला आणि अंतर राखायचं काम त्याने अगदी छान केलं, माझा पाय आणि डोकं दोन्हीला आराम. लोणावळ्याला ढग खाली आला तसा बंद केला. बोरघाटात गाड्यांना ६० ची मर्यादा आहे, धुक्यात ६० पण जास्तच, तरी डाव्या-उजव्या बाजूने लोक सुसाट. खालापूरला उतरलो आणि हवा एकदम कोरडी.

उत्तरेत यमुना एक्स्प्रेस वेवर हिवाळ्यात धुक्यासाठी छोट्या गाड्यांची मर्यादा १०० वरून ७५ वर आणतात. अमेरिकेत टेनेसी राज्यात इंटरस्टेट ७५ वर ११ डिसेंबर १९९० ला धुक्यात ९९ गाड्या एकमेकींवर आदळल्या, १२ माणसं गेली, त्यानंतर तिथे धुकं मोजणारे सेन्सर आणि स्पीडची मर्यादा बदलणारे इलेक्ट्रॉनिक फलक बसवले, धुकं वाढलं की आकडा खाली आणतात. आपल्याकडे २०२५ मधे केंद्र सरकारने मोठ्या बस आणि ट्रकमधे आपोआप ब्रेक आणि लेनचा इशारा सक्तीचा करायचा मसुदा काढला, त्याचं मला मनापासून स्वागत आहे, आमच्या मामांसारख्या ड्रायव्हरांना याची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे. पण माझं म्हणणं आहे की घाटालाही यंत्र द्या. मोरोशीच्या पायथ्याला एक आणि वर माथ्यावर एक असा बदलता फलक, पुढे किती मीटर दिसतंय आणि स्पीड किती ठेवायचा एवढंच सांगणारा. तो जुन्या टेम्पोवाल्यालाही वाचता येईल, दुचाकीवाल्यालाही, आणि त्यासाठी कोणाला नवी गाडी घ्यावी लागणार नाही. याचं निवेदन मी मराठीत लिहून ठेवलंय, ओतूर-जुन्नरकडचे आणि मुरबाडकडचे कोणी सही करणार असतील तर खाली कमेंटमधे गावाचं नाव टाका.